लालबाग-परळची दुकानं: पाटी बदलते ती कशामुळे, आणि हा बदल मोजायचा कसा?

काळाचौकी_कोपरा

लालबाग ते काळाचौकी या पट्ट्यातल्या एका रस्त्यावरच्या दुकानांची नोंद करायचं काम मंडळातल्या काही मुलांनी घेतलंय. रस्ता साधारण ४०० मीटर, दोन्ही बाजूंना मिळून ७५–८० गाळे. तीन चाळी पाडून झाल्या आहेत. एकीच्या जागी टॉवर उभा आहे, दुसरीचं काम अर्ध्यावर आहे, तिसरीला नुसते पत्रे लागलेत. बाकी इमारती सेसच्या (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या), पागडीच्या (एकरकमी पैसे मोजून घेतलेल्या, कायद्याने बांधलेल्या भाड्याच्या).

वर्तमानपत्री उत्तर ठरलेलं असतं: गिरण्या बंद पडल्या, टॉवर आले, भाडी वाढली, मराठी माणसाचं दुकान गेलं, कॉफीवाला आला. पण हिशेब जुळत नाही. पागडीच्या गाळ्याला बाजारभावाचं भाडं लागतच नाही, मग "भाडी वाढली म्हणून गेला" हे कसं? आणि एका बाजूला पन्नास वर्षं तीच पाटी दिसते, तर समोरच्या बाजूला दोन वर्षांत तीन पाट्या. रस्ता एकच, गिऱ्हाईक एकच.

दोन प्रश्न आहेत. दुकान नेमकं कोणत्या टप्प्यावर जातं? आणि मुलांनी काय लिहून आणायचं, म्हणजे पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाला त्याच वहीवरून तुलना करता येईल?

जाता जाता: या प्रकाराला मराठीत काय म्हणायचं? "अभिजनीकरण" (जेंट्रिफिकेशन) वाचलंय, पण मसाल्याच्या गल्लीत उभं राहून तो शब्द तोंडातून निघत नाही.

गाळा_नंबर_चार

भाड्याचा प्रश्न बरोबर पकडलात. सुरुवात तिथूनच करू.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९चा, ३१ मार्च २०००पासून लागू. संरक्षित भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येतं. २००० साली गाळ्याचं भाडं १०० रुपये असेल तर २५ वर्षांनी ते साधारण २६७ रुपये होतं. या भाड्यापायी कुणाचं दुकान बंद पडत नाही. त्यामुळे "भाडी वाढली" हे वाक्य पागडीच्या गाळ्यापुरतं खोडून टाका. ते लागू होतं लीव्ह-लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कराराने दिलेल्या गाळ्याला, आणि तसे गाळे नव्या इमारतींत किंवा मालकी हक्काच्या जागांत असतात. रस्त्याच्या दोन बाजू वेगळ्या का दिसतात, याचं उत्तर बहुतेक इथेच मिळेल. कोणती बाजू पागडीची आणि कोणती मालकीची, ते आधी बघा.

पागडीचा गाळा दुसऱ्याला देता येतो. पूर्वी पागडी घेणं गुन्हा होता. १९९९च्या कायद्याच्या कलम ५६ने ते उघड आणि कायदेशीर झालं. प्रथा अशी की नवा माणूस जी रक्कम मोजतो तिचा साधारण तिसरा हिस्सा घरमालक घेतो आणि नव्या नावाने पावती फाडतो. म्हणजे मालकाला महिन्याच्या भाड्यात रस नसतो, त्याची कमाई नाव बदलण्यात असते. म्हणूनच मालक पावती अडवून धरतो आणि भाडेकरूही शक्यतो गाळा हलवत नाही.

आता मोठी साखळी दुकानं जुन्या चाळीत का शिरत नाहीत ते बघा. कलम ३(१)(ब) प्रमाणे बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना या कायद्याचं संरक्षण नाही. अशी कंपनी पागडीच्या गाळ्यात आली की स्वस्त भाड्याचा मुद्दाच संपतो. म्हणून जुन्या चाळीच्या तळमजल्यावर कुणी आलंच तर मोबाइलवाला, मेडिकल, फरसाणवाला असा एकटादुकटा माणूस येतो. साखळीवाले नव्या इमारतीची वाट बघतात. पागडी हे धरण आहे म्हणा. वीस-तीस वर्षं बदल तुंबवून ठेवतं, आणि चाळ पडली की सगळं पाणी एकदम सुटतं. तुमच्या रस्त्यावर ते तीन ठिकाणी सुटलंय.

मुलांना दोन गोष्टी जरूर सांगा, नाहीतर नोंद चुकेल.

एक म्हणजे "चालवायला दिलेलं" दुकान. पोटभाडेकरू ठेवणं हे गाळा खाली करून घ्यायला पुरेसं कारण आहे, म्हणून मूळ भाडेकरू कंडक्टिंगचा करार करतो. परवाना, वीजबिल, भाडेपावती त्याच्या नावावर, धंदा दुसऱ्याचा, आणि महिन्याला ठरलेली रक्कम मूळ भाडेकरूकडे. कोर्टात गेल्यावर कागदावर काय लिहिलंय यापेक्षा ताबा खरोखर कुणाकडे आहे हे बघितलं जातं, पण तिथपर्यंत क्वचितच जातं. पाटी कधी जुनीच राहते, कधी बदलते. गल्ल्यावर बसलेला माणूस मात्र दर दोन-तीन वर्षांनी वेगळा. इथे भाडं वाढलेलं असतं, फक्त ते घरमालकाला न जाता जुन्या भाडेकरूला जातं. आपली चर्चा घरमालक विरुद्ध दुकानदार अशीच चालते, आणि हा मधला माणूस कुणाच्या हिशेबात येत नाही.

दुसरं म्हणजे "जिवंत ठेवलेलं" दुकान. कलम १६(१)(न) म्हणतं की ज्या कामासाठी जागा दिली त्या कामासाठी ती सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नाही, तर मालक ताबा मागू शकतो. म्हणून रोज संध्याकाळी दोन तास शटर अर्धं वर, आत पिवळा बल्ब, फळीवर चार कंगवे आणि धूळ बसलेले साबण, एक आजोबा पेपर वाचत बसलेले. विक्री शून्य. हे दुकान पुनर्विकासाची वाट बघतंय. वीजबिल थोडं का होईना यायला हवं, गुमास्त्याचा कागद भिंतीवर हवा, एवढ्यासाठी ते उघडं आहे. यादीत "चालू" लिहिलंत की फसलात.

शिवडी_विभाग

वरच्या प्रतिसादात वारसाचं राहिलं. धंद्याच्या जागेत भाडेकरू वारला तर हक्क आधी त्या कुटुंबीयाला, जो मृत्यूच्या वेळी तिथे त्याच्याबरोबर धंदा करत होता. घरी बसलेला मुलगा, लग्न होऊन गेलेली मुलगी यांचं पुढे वाटाघाटीने नाहीतर कोर्टाने ठरतं. म्हणून म्हाताऱ्या दुकानदाराच्या शेजारी स्टुलावर पुतण्या किंवा नातू बसलेला दिसला तर तो नेहमी मदतीलाच बसलेला असतो असं नाही. आणि ज्या गाळ्यात तसं कुणी बसत नव्हतं, तिथे भावाभावांत वाद लागून शटर पाच-पाच वर्षं खाली असतं. "बंद" या रकान्याला तीन पोटरकाने ठेवा: वाद, माल किंवा माणूस नाही, इमारत धोकादायक.

तळमजला

दुकान कोणत्या टप्प्यावर जातं, या प्रश्नाकडे येतो.

टॉवर उभा राहिल्यावर जातं असा समज आहे. खरं तर ते मधल्या वर्षांत जातं, पत्रे लागल्यापासून ताबा मिळेपर्यंत. कागदावर ३६ महिने लिहिलेले असतात. प्रत्यक्षात पाच, सात, कधी त्याहून जास्त. राहणाऱ्याला त्या काळाचं भाडं मिळतं आणि तो डोंबिवलीला, बदलापूरला, विरारला खोली घेतो. त्याचा संसार जागेबरोबर हलतो. दुकानाचं गिऱ्हाईक असं हलत नाही. ते त्याच चाळीतलं आणि शेजारच्या चाळीतलं असतं, आणि तेच पांगलेलं असतं.

उधारीची वही हे याचं नेमकं उदाहरण. १६० खोल्यांच्या चाळीखालच्या वाण्याकडे समजा १०० घरांचं खातं आहे, सरासरी उधारी १,५०० रुपये. म्हणजे दीड लाख कायम बाहेर फिरत असतात, आणि ते फिरतात कारण माणूस रोज जिन्यावरून उतरताना समोर येतो. खोल्या खाली करायची तारीख पडली की शेवटच्या महिन्यात त्यातले किती वसूल होतील? तेवढ्यासाठी वाणी कल्याणला जाणार नाही. दुकान हलवायच्या आधीच खेळतं भांडवल गेलं. भरपाईच्या करारात या रकमेला रकाना नसतो.

आता क्षेत्रफळ. विकास नियंत्रण नियमावली २०३४च्या ३३(७) खाली सेसच्या इमारतीत राहणाऱ्याला जुनी खोली कितीही लहान असली तरी किमान २७.८८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फूट चटई (भिंतींच्या आतली जागा) मिळते. बिगरनिवासी गाळ्याला मात्र जुना होता तेवढाच. शेजारशेजारच्या दोन १२० फुटांच्या जागा, एका खोलीची ३०० फूट झाली, दुसऱ्या गाळ्याचे १२०च राहिले. वर पोटमाळा. जुन्या चाळींची उंची चांगली, त्यामुळे १२० फुटांच्या गाळ्याला ६०–७० फुटांचा माळा असतोच. अख्खा साठा तिथे. तो माळा अधिकृत नोंदीत नसेल तर नव्या जागेत त्याचा हिशेब नाही, आणि नव्या गाळ्याची उंची माळा घालण्याइतकी असेल असंही नाही. म्हणजे कागदावर "जेवढ्यास तेवढं", व्यवहारात तिसरा हिस्सा कमी. मागे खोली आणि पुढे दुकान असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या प्रमाणित यादीत त्याची नोंद काय आहे यावर सगळं ठरतं. वीजबिल व्यापारी, शिधापत्रिका त्याच पत्त्यावर, आणि यादीत नुसतं "दुकान" लिहिलेलं, असे गोंधळ पुष्कळ. यादीतली चूक ती निघायच्या आधीच दुरुस्त करून घ्यायची असते. पुनर्विकासाला लागणाऱ्या ५१ टक्के संमतीत दुकानदार जेमतेम दहा-बारा असतात, त्यामुळे त्यांच्याशिवाय संमती पुरी होते आणि पुढे त्यांचं कुणी ऐकत नाही.

मग तोंड. दुकानदार क्षेत्रफळापेक्षा तोंड बघतो. दहा फूट तोंडाचा बारा फूट खोल गाळा आणि सहा फूट तोंडाचा वीस फूट खोल गाळा, दोन्ही १२० फूटच. दुसऱ्यात माल लावायला जागा नाही आणि आतलं काही रस्त्यावरून दिसत नाही. रस्तारुंदीकरणाची रेषा असेल तर इमारत मागे सरकते. हिंदमाता-परळला पावसात तुंबणाऱ्या पाण्यामुळे जोतं उंच घेतात, म्हणजे पुढे चार-पाच पायऱ्या. भाजी घेऊन निघालेली बाई चार पायऱ्या चढून पाव किलो रवा घेत नाही, ती शेजारच्या सपाट दुकानात घेते. आणि गाळा मागच्या बाजूला, पार्किंगच्या उताराजवळ आला की संपलंच. कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदवताना त्याला मंजूर नकाशा जोडलेला असावा. त्यावर गाळ्याचा नंबर, तोंडाची रुंदी फुटांत, जोत्याची उंची आणि कोणत्या रस्त्याकडे तोंड, हे चार आकडे हाताने लिहिलेले असावेत. "तळमजल्यावर १२० चौ. फूट" एवढ्यावर सही करणारे मागाहून रडतात.

नव्या जागेतला महिन्याचा खर्च वेगळाच. समजा १२० फुटांच्या गाळ्याला सोसायटीचा देखभालखर्च फुटाला १५ रुपये, म्हणजे १,८००. वर व्यापारी दराचा मालमत्ता कर आणि पाणीपट्टी. २६७ रुपयांच्या जागी तीन-साडेतीन हजार धरा. कॉर्पस (बिल्डरकडून एकरकमी निधी) म्हणून समजा ५ लाख मिळाले आणि ७ टक्क्यांनी ठेवले, तर महिन्याला २,९०० येतात. जवळपास भागतं. पण बहुतेकांचा कॉर्पस मधल्या पाच वर्षांत खाऊन झालेला असतो. मग गाळा भाड्याने देणं हाच शहाणपणाचा हिशेब ठरतो, आणि वाणी मालक होऊन घरी बसतो. तक्रार करावी तर कुणाची, कारण त्याचं उत्पन्न वाढलेलं असतं. रस्त्यावरून दुकान मात्र गेलं.

काळाचौकी_कोपरा

हे सगळं मुलांना दाखवतो. "वाणी मालक होऊन घरी बसतो" हे डोक्यातच नव्हतं.

मग त्या गाळ्यात येतो कोण? मेडिकल, सलून, केक आणि घरांचे एजंट, हे चारच का दिसतात?

तळमजला

कारण भाड्याचं गणित तेवढ्यांनाच झेपतं. समजा नव्या इमारतीत १५० फुटांचा गाळा, फुटाला ३०० रुपये, म्हणजे ४५,००० भाडं. लायसन्स घेणारा जीएसटीत असेल तर वर १८ टक्के, त्याची वजावट मिळते की नाही ते धंद्यावर ठरतं. किराण्यात ढोबळ नफा दहा-बारा टक्के. त्यातून भाड्याला विक्रीच्या ४ टक्क्यांहून जास्त गेलं तर नोकर, वीज, नासाडी काही सुटत नाही. ४५,००० म्हणजे ४ टक्के, तर विक्री हवी सव्वाअकरा लाख. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज ४३ हजारांच्या वर, दीडशे फुटांत. होत नाही. औषधदुकानाला किमतीवर १६ ते २० टक्के सुटतात आणि माल छोटा, म्हणून त्याला जमतं. केक-मोमोवाल्याचा मालाचा खर्च विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. सलूनला मालच नाही. एजंटाला एक सौदा झाला की तीन महिन्यांचं भाडं सुटलं. या चौघांच्या आवडीनिवडीचा किंवा गिऱ्हाईकांच्या "अभिरुचीचा" इथे फारसा संबंध नाही.

आणि हे टिकतात असंही नाही. ३६ किंवा ६० महिन्यांचं लायसन्स, पहिले काही महिने लॉक-इन (तेवढ्यात गाळा सोडता येत नाही), दरवर्षी ५ टक्के वाढ. पहिला लॉक-इन संपला की पहिली गळती. तुमच्या "दोन वर्षांत तीन पाट्या" तिथल्या असणार.

नकाशावाली

मोजणीबद्दल लिहिते. या कामात मेहनत फुकट जाते ती पहिल्या दिवशी चुकीचं एकक धरल्यामुळे.

एकक दुकान नव्हे, गाळा. पाटी, मालक, धंदा हे सगळं बदलेल, शटर तिथेच राहील. रस्त्याच्या एका टोकापासून शटर मोजत जा आणि प्रत्येकाला कायमचा नंबर द्या, उत्तर बाजू उ-१, उ-२, दक्षिण बाजू द-१, द-२. एका शटरची दोन झाली तर उ-१४अ, उ-१४ब. नंबर पुन्हा वापरायचा नाही, इमारत पडली तरी नाही.

हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. आज उभ्या असलेल्या दुकानांचीच यादी केलीत तर त्यात फक्त टिकलेलेच येतील, आणि निष्कर्ष निघेल की "या रस्त्यावर दुकानं फार टिकतात". पाडलेल्या तीन चाळींचे गाळे यादीत हवेतच. ते म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडून माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये, पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. भाडेकरूंची नावं मागू नका, खाजगी माहिती म्हणून अर्ज फेटाळला जातो. "अमुक सी.एस. क्रमांकाच्या इमारतीच्या प्रमाणित यादीतील बिगरनिवासी गाळ्यांचा क्रमांक, वापर आणि क्षेत्रफळ" एवढंच लिहा. आणि सी.एस. क्रमांकच लिहा. मुंबई शहरात सी.एस. चालतो, सी.टी.एस. उपनगरात. लालबागचा बराचसा भाग परळ-शिवडी विभागात येतो आणि महापालिकेचा वॉर्ड एफ दक्षिण, विभागाचं नाव चुकलं की अर्ज फिरत राहतो.

नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच क्रमांकाने सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा) बघता येते. नोंदवलेली विक्री आणि लायसन्स त्यात सापडतात. पागडीची बरीच देवघेव तिथे दिसणार नाही, त्यामुळे "व्यवहारच झाले नाहीत" असं लिहू नका. टॉवरसाठी महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर मंजूर नकाशे आणि पूर्णत्वाच्या बदललेल्या तारखा असतात. वर तळमजला म्हणतात ती "मधली वर्षं" तिथून महिन्यांत मोजता येतात. गूगलचा रस्तादर्शनाचा प्रकार (स्ट्रीट व्ह्यू) भारतात २०२२ साली परत आला, त्यामुळे त्याआधीचं चित्र तिथे मिळणार नाही. त्यासाठी मंडळाच्या जुन्या वर्गणीच्या पावत्या आणि गणेशोत्सवाच्या स्मरणिका. स्मरणिकेतल्या जाहिराती म्हणजे वर्षवार दुकानांची यादीच, फक्त वर्गणी देणाऱ्यांची हे लक्षात ठेवा.

प्रत्येक गाळ्याचे रकाने: नंबर, तोंड फुटांत, पाटीवरचं नाव, काय विकतात, उघडं-बंद, हक्क (पागडी, मालकी, लायसन्स, चालवायला, माहीत नाही), आत्ताचा चालवणारा किती वर्षं, इमारतीची स्थिती, फोटो. हक्काचा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नका. मुलगा वही घेऊन "तुम्ही पागडीवर का?" म्हणाला की दुकानदाराला तो बिल्डरचा माणूस वाटतो, आणि पुढची पाच दुकानं तोंड उघडत नाहीत. पहिल्या फेरीत बाहेरून दिसेल तेवढंच. हक्क दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, ओळखीच्या माणसाबरोबर, आणि नाही सांगितलं तर "माहीत नाही" हेही उत्तर आहे.

फेऱ्या दोन, सकाळी ११ आणि रात्री ८. "जिवंत ठेवलेलं" दुकान एकाच फेरीत सापडतं, तीच त्याची खूण. गणपतीचे दहा दिवस आणि मार्च ते मेचा मसाल्याचा हंगाम टाळा. तेव्हा ओट्यावर, जिन्याखाली तात्पुरते विक्रेते बसतात आणि गाळ्यांची संख्या फुगते. उन्हाळ्यात सुरू करणार असाल, तर ते पुढे ढकला. जानेवारी-फेब्रुवारी चांगले, आणि पाच वर्षांनीही त्याच महिन्यात जा.

बदलाचं वर्गीकरण केल्याशिवाय टक्केवारी काढू नका. समजा ८० गाळे आणि तीन वर्षांत २२ पाट्या बदलल्या. सरसकट म्हटलं तर २७ टक्क्यांहून जास्त, भीती वाटेल असा आकडा. त्यात समजा ९ ठिकाणी माणूस तोच, माल बदलला, म्हणजे शिंप्याने तयार कपडे ठेवले. ६ ठिकाणी चालवणारा बदलला, हक्क तोच. हक्कासकट बदललेले ७, म्हणजे तीन वर्षांत पावणेनऊ टक्के. तिन्ही आकडे वेगवेगळे लिहा, तिन्हींचा अर्थ वेगळा. आणि "किती वर्षं" याची सरासरी काढू नका, मध्यक काढा, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. एका ८० वर्षांच्या सोनाराने अख्ख्या रस्त्याची सरासरी वर जाते.

गाळ्याची फाळणी विशेष बघा. चौदा फुटांच्या तोंडाची सात-सात होणं, किंवा दुकानाच्या ओट्यावर तीन फुटांत मोबाइलच्या कव्हरवाला बसणं, हे दुकान दुबळं झाल्याचं पहिलं लक्षण. पाटी जाण्याच्या दोन-तीन वर्षं आधी ओटा भाड्याने जातो. तो रकाना नसेल तर पुढचं काही आधी कळणार नाही.

शेवटचं, तुलनेसाठी अजून एक रस्ता घ्या. त्याच वॉर्डात, तसाच, पण एकही इमारत न पडलेला. तिथेही किराणा कमी झाला असेल तर दोष टॉवरचा नाही, दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांचा आहे.

शिवडी_विभाग

नकाशावालीताई, दहा मिनिटांवाल्यांचीही नोंद गाळ्यांतच होते, हे जोडा. त्यांचं कोठार मागच्या गल्लीत, जुन्या छापखान्याच्या किंवा गोदामाच्या जागी असतं. पाटी नाही, शटर अर्धं, बाहेर दुचाकींची रांग. मुख्य रस्त्याची यादी केली तर ते सापडत नाही, आणि मुख्य रस्त्यावरच्या वाण्याचा धंदा तेच खातं.

आणि टॉवर आला की सगळं महाग होतं हेही अर्धंच. टॉवरमधला माणूस पार्किंगमधून थेट गाडीने बाहेर पडतो, फुटपाथवर त्याचं पाऊल क्वचित. फुटपाथवर नवं गिऱ्हाईक येतं ते वॉचमन, ड्रायव्हर, कामवाल्या, डिलिव्हरीची मुलं. म्हणून टॉवरच्या फाटकाबाहेर वडापाव, चहा, राइस प्लेट, रिचार्ज हे वाढतं. खानावळी गेल्या ते १९८२च्या संपानंतर गिरणी कामगार गेला म्हणून. आता तसंच एकटं राहणारं, रोख देणारं गिऱ्हाईक परत आलंय, पण बसायला जागा नाही, म्हणून ते टपरीवर उभं राहून खातं. रकाना ठेवणार असाल तर "गिऱ्हाईक कोण" असाही ठेवा. एक तास उभं राहून मोजलं तरी कळतं.

गाळा_नंबर_चार

गिरण्यांच्या जमिनीबद्दल थोडं, कारण दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. १९९१च्या नियमावलीतला नियम ५८ गिरणीच्या जमिनीला होता. मूळ नियमाप्रमाणे जमिनीचे हिस्से होऊन मोकळी जागा महापालिकेला, काही घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१च्या दुरुस्तीनंतर वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यामुळे सार्वजनिक वाटा फार आक्रसला. गिरण्यांच्या जमिनीवर फिनिक्स, कमला मिल यांच्यासारखी ठिकाणं झाली: भिंतीच्या आत दुकानं, रस्त्याकडे पाठ. तुमच्या रस्त्यावर चाललंय ते ३३(७)चं, तळमजल्यावर दुकानं ठेवणारं. लोअर परळचा अनुभव काळाचौकीला जसाच्या तसा लावू नका. तिथे गाळे बदलले नाहीत, गिरणीच्या फाटकासमोरचं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं होतं. शिवाय डिलाईल रोडचा पूल २०१८ ते २०२३ बंद होता, त्या पाच वर्षांत त्या बाजूची दुकानं गेली असतील तर ती कशामुळे, हे वेगळं काढणं अवघड आहे.

शब्दाचं म्हणाल तर लोक "वस्ती बदलली" म्हणतात. मला तोच बरा वाटतो.

काळाचौकी_कोपरा

जानेवारीत सुरू करू, पटलं. एक शेवटचं. रस्त्यावर मसाल्याचे दोन डंके (मिरची-मसाला कांडायची यंत्रं) आहेत, दोन्ही पत्रे लागणार असलेल्या चाळीत. नव्या इमारतीत डंका परत येऊ शकतो का?

तळमजला

क्षेत्रफळ मिळेल, डंका बसेलच असं नाही. अडचणी तीन. डंक्याला थ्री-फेज जोडणी लागते, आणि नव्या इमारतीचा वीजभार ठरतो तेव्हा ती मागितलेली नसेल तर मागाहून मिळवणं खर्चाचं. दुसरं, हादरा. जुन्या चाळीत डंका जमिनीवर स्वतंत्र पायावर उभा असतो. नव्या इमारतीत खाली तळघरातलं पार्किंग असेल तर गाळ्याची फरशी म्हणजे स्लॅब, तिच्यावर डंका आपटणार आणि वरच्या मजल्यांपर्यंत ऐकू जाणार. तिसरं, मिरचीचा खकाणा. धुराडं गच्चीपर्यंत नेलेलं नसेल तर पहिल्याच मोसमात सोसायटीची तक्रार.

म्हणून करारात वापराच्या जागी नुसतं "दुकान" लिहून घेऊ नका, "मसाला कांडप, डंक्यासह" असं लिहून घ्या. गाळ्याखाली तळघर नसावं, किती अश्वशक्तीची मोटर ते वीजभाराच्या तक्त्यात यावं, आणि धुराड्याची नळी नकाशात काढलेली असावी. हे इमारतीचे नकाशे मंजुरीला जायच्या आधी. पाया भरल्यावर बोलून उपयोग नाही.

मधल्या वर्षांसाठी पर्यायी गाळा सातारा-सांगलीकडे फुकट मिळाला तरी नको, तीनशे-चारशे मीटरच्या आत हवा. मार्चमध्ये डबे घेऊन येणाऱ्या बायका एक हंगाम शोधतात, दुसऱ्या हंगामात दुसरा डंका धरतात.

नकाशावाली

त्या दोन्ही डंक्यांचे फोटो, तोंडाचं माप आणि मोटरची पाटी आत्ताच नोंदवून ठेवा, जानेवारीची वाट नको. पत्रे लागल्यावर आत जाता येत नाही.